जुन्या ट्रकांच्या पार्ट्सच्या धंद्यात नोकरी: तुम्हाला कशी लागली?

कॅन्ससकर

मंडळी, नवी नोकरी लागली. कंपनी जुन्या पिकअप ट्रकांचे सुटे भाग विकते: १९४७ पासूनच्या शेवरोले आणि जीएमसीचे, १९४८ पासूनच्या फोर्डचे, थोडेफार डॉजचेही. भंगारातून काढलेले नाहीत, नव्याने बनवलेले. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे स्पेअर पार्टचं दुकान ना रे?" मागून बाबांचा आवाज, "आणि ते कॉम्प्युटरचं काय झालं?"

कॉम्प्युटरचं आधी सांगतो. लेऑफ झाला. ग्रीन कार्ड होतं म्हणून निभावलं. एच-वन-बीवर असतो तर नोकरी गेल्यापासून ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. या धंद्यातल्या बऱ्याच कंपन्या छोट्या, घरगुती. व्हिसाच्या कागदपत्रांत त्या सहसा पडत नाहीत. कुणी उगाच आशेवर राहू नये म्हणून हे पहिल्यांदा लिहून टाकलं.

राहतो कॅन्सस सिटीजवळ. लेनेक्साला एलएमसी ट्रक, पलीकडे मिसुरीत इंडिपेंडन्सला जिम कार्टर, अशी या धंद्यातली जुनी नावं इथल्या इथे आहेत. मी त्यांपैकी कुठेच नाही, पण त्यांच्यामुळे या भागात गोदामात राबलेला, फोनवर बसलेला, कॅटलॉग लिहिलेला माणूस कुठेही भेटतो. मलाही जागेची खबर शेजाऱ्याच्या मेव्हण्याकडून लागली.

माझं काम कॅटलॉगच्या डेटाचं. कुठला पार्ट कुठल्या वर्षीच्या कुठल्या मॉडेलला बसतो, याची कोष्टकं सांभाळायची. या माहितीचे अमेरिकेत दोन ठरलेले साचे आहेत, एसेस आणि पाईज. पहिल्यात पार्ट कशाला बसतो ते. दुसऱ्यात त्याचं वजन, माप, फोटो वगैरे. मुलाखतीला मी हेच घोकून गेलो होतो. मॅनेजरने त्यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. म्हणाला, "फोनवर माणूस सांगतोय, माझा ५५ चा शेवी पिकअप आहे, पुढच्या काचेचं रबर पाहिजे. तू पहिला प्रश्न काय विचारशील?"

नशिबाने हे वाचून गेलो होतो. १९५५ मध्ये शेवरोलेने वर्ष चालू असतानाच ट्रक बदलला. सुरुवातीला विकला गेला तो जुन्याच बांधणीचा, त्याला फर्स्ट सीरीज म्हणतात. नंतर आला तो सेकंड सीरीज. पहिल्याचं वायरिंग ६ व्होल्टचं, दुसऱ्याचं १२ चं. कॅब वेगळी, बॉनेट वेगळं, काच तर पूर्णच वेगळी. पण कागदपत्रांवर दोन्ही १९५५ चेच. म्हणून म्हटलं, "तुमची पुढची काच दोन्ही बाजूंना वळून दाराकडे येते का, हे विचारीन." त्याने मान डोलावली आणि लगेच पुढचं: "आणि तो म्हणाला की ट्रक अंगणात ताडपत्रीखाली आहे, मला आठवत नाही, तर?" मी म्हटलं, "तर ताडपत्री काढून फोटो पाठवायला सांगीन. तोवर ऑर्डर घेणार नाही."

माझ्या मते नोकरी त्या शेवटच्या वाक्यावर लागली. चुकीचा पार्ट विकला की तो परत येतो, जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, आणि वर गिऱ्हाईक चिडलेलं.

असे आणखी कोण कोण आहेत? फोनवर, गोदामात, कारखान्यात, कुठेही. कसे शिरलात, मुलाखतीत काय विचारलं, टिकलात की सोडलंत, मोकळेपणाने लिहा.

अनुस्वार

अभिनंदन! पेढे उधार राहिले.

मी फोनवर बसते. बी.कॉम., एच-फोरवर आलेली, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर. २०१५ मध्ये नियम बदलला आणि आमच्यासारख्या काही जणींना काम करायची परवानगी मिळाली. मिळाली तेव्हा हातात होती ती भारतातल्या अकाउंट्सची जुनी नोकरी आणि मधली रिकामी वर्षं. जाहिरात परत आलेल्या मालाच्या टेबलासाठी होती. हिशेब येतो म्हणून अर्ज केला.

मुलाखत घेणाऱ्या दोघी माझ्या आईच्या वयाच्या, उभं आयुष्य त्याच कंपनीत काढलेल्या. त्यांनी एक हेडफोन माझ्या कानाला लावला आणि चालू असलेला कॉल ऐकवला. समोरचा म्हणत होता, "दाराचं रबर पाहिजे." कॉल संपल्यावर कागद दिला: तू असतीस तर काय विचारलं असतंस, लिही. मला ट्रकातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी लिहिलं, "जुनं काढलेलं रबर समोर आहे का? ते दाराला चिकटलेलं होतं की दाराच्या चौकटीला? पाणी कुठून येतं?" नंतर कळलं की एका दारात रबरं-फेल्टच्या अर्धा डझन वेगवेगळ्या गोष्टी असतात. दाराच्या कडेची, छोट्या तिकोनी काचेची, काच ज्या खाचेत वरखाली होते तिची, काचेच्या तळाशी पुसणी असते ती. गिऱ्हाईक सगळ्यांना "दाराचं रबर"च म्हणतं. त्यांनी मला परत आलेल्या मालाऐवजी थेट फोनवर घेतलं.

कॅन्ससकर, तुमच्या ५५ सारखं आमच्याकडे ६७ ते ७२ च्या शेवीचं आहे. वरून सगळे सारखे दिसतात. पण ६७ च्या फेंडरवर बाजूचा दिवा नाही, तो ६८ पासून. ७१ मध्ये पुढे डिस्क ब्रेक आले आणि अर्ध्या टनाच्या वर्गातल्या (म्हणजे सगळ्यात हलक्या) साध्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकच्या चाकांना सहाच्या जागी पाच नट झाले. ७२ मध्ये आतला आरसा छतावरून काचेवर आला. हे सगळं भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं मी. मग लक्षात आलं की पन्नास वर्षांच्या ट्रकला वर्ष विचारून उपयोग नसतो. फेंडर एका अपघातानंतर ६९ चा बसलेला, दार कुणाच्या तरी शेतातून आणलेलं, पुढचा सगळा ॲक्सल डिस्क ब्रेकसाठी ७१ चा घातलेला. आता मी विचारते, "तुमच्या समोर आत्ता काय आहे? चाकाचे नट मोजा. मी थांबते." आणि खरंच थांबते. पलीकडे गॅरेजचं शटर वर जाताना ऐकू येतं, कुत्रा भुंकतो, म्हातारबाबा कण्हत गुडघ्यावर बसतात, आणि मोजून येतात.

कॉल किती मिनिटांत संपवायचा याचं बंधन आमच्याकडे नाही. मुलाखतीला जाल तिथे हे जरूर विचारा. जिथे बंधन आहे तिथे परत येणारा माल जास्त असतो, असं तिथून आमच्याकडे आलेल्या मैत्रिणी सांगतात.

भोसरी ते ओहायो

मी दुसऱ्या टोकाला. पार्ट बनवणाऱ्यांकडे. भोसरीत रबर पार्ट्सच्या कंपनीत होतो, मग इथे एम.एस., मग ही नोकरी.

मुलाखतीत हातात एक जुनं रबर दिलं, काळं पडलेलं, दगडासारखं कडक. विचारलं, याची नक्कल कशी करशील? थ्रीडी स्कॅनर शेजारीच होता, सगळे उमेदवार तिकडे धावत असणार. पण जुनं रबर कालांतराने आकसतं. तेच मोजून साचा केला तर पार्ट आखूड येणार. पाकिटात न वापरता पडून राहिलेला मूळ कंपनीचा माल असतो ना, ज्याच्यावर लोक पैसे उधळतात, तोही पडून पडून आकसलेला असतो. म्हणून रबराऐवजी ते ज्या पत्र्यात बसतं ती खाच मोजायची. मी म्हटलं, "मला दार द्या." त्यांना हसू आलं. दार दिलं.

पुढची गोष्ट कडकपणाची. आता आपण ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरतो, टिकायला उत्तम. पण जरा कडक झालं की दार लागत नाही. गिऱ्हाईक दणादण दार आपटतं आणि शिव्या आपल्याला. मी रुजू झालो तेव्हा पहिलं काम हेच मिळालं, कडकपणा उतरवायचं. पोकळ नळीसारख्या भागाची भिंत किती जाड ठेवायची यावर आठवडे गेले, कारण मऊ केलं तर दार मस्त लागतं पण पावसाचं पाणी आत येतं. दोन्हींच्या मध्ये जी जागा सापडते ती फार अरुंद असते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. शेवरोलेचा बो-टाय किंवा फोर्डचं नाव असलेला बिल्ला तुम्ही वाटेल तसा ओतून विकू शकत नाही. नाव-चिन्ह त्यांचं आहे, लायसन्स घ्यावं लागतं. फोर्डच्या जुन्या पार्ट्समध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉनकॉर्डची डेनिस कारपेंटर ही लायसन्स घेऊन पार्ट बनवणारी नावाजलेली कंपनी. ज्यांना गुणवत्ता तपासणीचा अनुभव आहे त्यांनी अशा बनवणाऱ्यांकडे आधी बघा, विकणाऱ्यांकडे नंतर. लायसन्सवाल्या मालाची तपासणी होते, नमुने पाठवावे लागतात, आणि ते काम करणारा माणूस कायम लागतो.

रातपाळी

मी पुण्यात बसून हेच करतो. अमेरिकेतल्या एका पार्ट्सवाल्यांचं कॅटलॉगचं काम आमच्याकडे येतं. एकही ट्रक प्रत्यक्ष पाहिलेला नाही. ७३ ते ८७ चे चौकोनी शेवी मला झोपेत विचारा.

निवड परीक्षेत एक्सेलची शीट दिली होती, चुकीच्या ओळी शोधा म्हणून. ८१ मध्ये पुढचा सगळा पत्रा बदलला, त्यामुळे "ग्रिल, १९७३ ते १९८७" ही ओळ चूक, हे बऱ्याच जणांनी पकडलं. पण एका ओळीत "१९८९" होतं आणि ८७ ला मॉडेल संपलं म्हणून सगळ्यांनी ती उडवली. ती ओळ सबर्बनची होती, म्हणजे त्याच बांधणीच्या बंद गाडीची. पिकअप बदलला तरी सबर्बन आणि ब्लेझर जुन्याच बांधणीत ९१ पर्यंत येत राहिल्या. मी आदल्या रात्री लिलावांच्या जाहिराती चाळताना एक ९० ची चौकोनी सबर्बन पाहून चक्रावलो होतो, तेवढंच.

पगार पुण्याच्या मानाने बरा. झोपेचं विचारू नका.

बाप माणूस

नोकरी माझी नाही, मुलाची. पण अनुभव माझाही आहे, म्हणून लिहितो. चालत असेल तर ठेवा.

मुलगा इथेच जन्मला. बारावीला असताना म्हणाला, मला मॅकफर्सन कॉलेजला जायचंय. कॅन्ससमधलं छोटं गाव, छोटं कॉलेज. तिथे जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची, रिस्टोरेशनची, चार वर्षांची पदवी मिळते. १९७६ पासून हा विषय शिकवतात. मी म्हटलं, "चार वर्षं फी भरून गॅरेजवाला?" आमच्या मंडळात सगळ्यांची पोरं कॉम्प्युटर किंवा प्री-मेड. गणपतीत लोक विचारायचे, "काय करतो?" हिने उत्तर पाठ केलं होतं: "ऑटोमोटिव्ह." पुढे कुणी विचारलं नाही. इंजिनिअरिंग समजायचे सगळे, आणि मी समजू द्यायचो.

तिथे काय शिकवतात ते तो सुट्टीत आला की कळायचं. पत्रा ठोकणं, रंग, सीटांची शिलाई, इंजिन. शिवाय इतिहास, व्यवस्थापन असे विषय. एकदा आमच्या गॅरेजात त्याने एक शेवीचा फेंडर टेबलावर ठेवला होता. मला म्हणाला, "बाबा, यात खड्डा कुठे आहे?" मी चष्मा लावून बघितलं, काही दिसेना. म्हणाला, "डोळे मिटा. बोटांनी नको, तळहात सपाट ठेवा आणि लांब फिरवा." हातात त्याने पातळ सुती मोजा घातला होता, तो मला दिला. आणि खरोखर, मधोमध एका जागी हात किंचित खाली गेला. मी तीस वर्षं याच देशात बँकेच्या सर्व्हरवर काम केलं, असं काही हाताला लागल्याचं आठवत नाही.

नोकरीची मुलाखत म्हणजे त्याला एका ट्रकजवळ नेलं आणि दार बसवून दाखव म्हणाले. बस्स. दोन बिजागऱ्या, एक दार, मदतीला एक माणूस. त्याने काय केलं असेल तर चौकटीवर जो खिळा असतो, ज्यात दाराचं कुलूप अडकतं, तो आधी काढून ठेवला. कारण तो राहिला की दार लावताना तो दाराला वर किंवा खाली ढकलतो आणि आपल्याला वाटतं की दार नीट बसलंय. मग बिजागऱ्यांवर दार जुळवलं, फटी सारख्या केल्या, आणि शेवटी तो खिळा परत लावला. रबर त्याने लावलंच नाही. म्हणाला, रबर आत्ता लावलं तर फटी कळणार नाहीत. त्याच संध्याकाळी फोन आला.

आता तो नव्याने बनून आलेले पार्ट विक्रीला जाण्याआधी खऱ्या ट्रकवर बसवून बघतो. न बसणारा माल त्याच्या शेऱ्यावर परत जातो. वय चोवीस. मंडळात आता मी स्वतःहून सांगतो काय करतो ते, आणि मग लोक मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "आमच्याही पोराला गाड्यांचं वेड आहे हो, फी किती?"

अनुस्वार

काका, तुमचा मुलगा आम्हा फोनवाल्यांचा जीव वाचवतो हे त्याला सांगा. पण गिऱ्हाइकांनाही हे कळलं पाहिजे! आम्ही प्रत्येकाला ओरडून सांगतो, रंग देण्याआधी पार्ट बसवून बघा. रंगवलेला पत्रा आम्ही परत घेत नाही, जवळजवळ कुणीच घेत नाही. तरी दर आठवड्याला एक फोन असतो: सुंदर लाल रंग दिलाय, क्लिअर कोट मारलाय, आता भोकं जुळत नाहीत.

डावी बाजू

नमस्कार. मी निवृत्त. भारतात राष्ट्रीयीकृत बँकेत आयुष्य गेलं. मुलीने ग्रीन कार्ड केलं, इथे आलो, आणि दिवसभर घरात बसून जावयाच्या डोक्यावर किती दिवस मिरे वाटणार? जवळच एका पार्ट्सच्या कंपनीचं गोदाम आहे, तिथे अर्धवेळ लागलो. वयाचं कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: ठराविक वजन उचलता येईल का, पुढे लोखंड असलेले बूट घालाल का, आणि "ड्रायव्हर साइड" म्हणजे कुठली बाजू?

हा तिसरा प्रश्न माझ्यासाठीच काढला असावा. आपल्या डोक्यात ड्रायव्हरची बाजू उजवी. इथे डावी. आणि डावं-उजवं नेहमी सीटवर बसून बघायचं, ट्रकच्या समोर उभं राहून नाही. समोर उभं राहून बघितलं की दोन उलट्यांचं एक सुलट होतं आणि माणूस बरोबर वाटणारं चुकीचं खोकं उचलतो. मी पहिल्या दिवशी डाव्या मनगटावर घड्याळ ठेवलं आणि मनात म्हटलं, घड्याळ म्हणजे ड्रायव्हर. अजून तेच करतो.

बँकेचा उपयोग झाला तो एका गोष्टीत. मागच्या हौद्याच्या बाजू, ज्यांना बेडसाइड म्हणतात, त्या इतक्या लांब असतात की कुरिअरने जात नाहीत, मालवाहू ट्रकने जातात. तिथे गिऱ्हाइकाने सही केली की माल चांगला मिळाला असा अर्थ होतो. नंतर चेपा दाखवून भरपाई मिळवायची म्हणजे तळपायाची आग मस्तकात. त्यामुळे मी प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत कागद लावायला सुरुवात केली: सही करण्याआधी उघडून बघा, चेपा असेल तर पावतीवर लिहा. आमच्या पर्यवेक्षकाने तो आता छापून घेतलाय. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तीस वर्षं खातेदारांना सांगत होतो, तेच इथे.

तिरकस

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा.

मी खरेदी विभागात होतो, आता सोडलंय. एक, पगार. आयटीतून येणाऱ्याने निम्म्याची मनाची तयारी ठेवावी, निदान माझं तसंच झालं. दोन, हा धंदा आयात मालावर चालतो. पत्र्याचे कितीतरी पार्ट तैवानमध्ये दाबले जातात, बाकीचं बरंच चीनमधून. चीनच्या मालावर, त्यात गाड्यांचे असंख्य पार्ट आले, सप्टेंबर २०१८ मध्ये १० टक्के शुल्क लागलं आणि मे २०१९ मध्ये ते २५ टक्के झालं. कॅटलॉग छापून झाल्यावर किंमत बदलायची म्हणजे काय असतं ते खरेदीवाल्याला विचारा. समुद्रात कंटेनर, किनाऱ्यावर नवा दर, आणि फोनवर अनुस्वारताईंचं गिऱ्हाईक जुनी किंमत वाचून दाखवतंय. आमच्या मालकांनी त्या काळात सगळा राग खरेदीवर काढला. ट्रक आवडतात म्हणून या, पण मुलाखतीत विचारा की माल कुठून येतो आणि गोदामात किती महिन्यांचा साठा ठेवता. उत्तर देताना चुळबुळ झाली तर समजा.

तीन, छंद आणि नोकरी एक करू नका असं म्हणतात. ते मला पटत नाही. माझ्याकडे अजून ५६ चा फोर्ड एफ-१०० आहे. आणि हो, फक्त त्या एका वर्षी वळणदार काच त्या कॅबला आली, म्हणून त्या काचेच्या रबराला "५३ ते ५६" लिहिणारा कॅटलॉग दिसला की तिथे अर्ज करू नका.

कॅन्ससकर

तिरकस, तुमचा शेवटचा मुद्दा वाचून मी ताबडतोब आमचा कॅटलॉग उघडला. ५३ ते ५५ वेगळं, ५६ वेगळं. वाचलो.

पगाराचं खरं आहे. मी निम्म्यावर नाही आलो पण फार दूरही नाही.

गुरुवार

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. माझी येत्या गुरुवारी मुलाखत आहे, फोनवरच्या विक्रीसाठी. मी गाडीवेडा आहे पण जपानी गाड्यांचा. हातात मोजकेच दिवस. काय वाचू? आणि लास वेगासला नोव्हेंबरमध्ये सेमाचं, म्हणजे गाड्यांच्या पार्ट्सच्या धंद्याचं, प्रदर्शन असतं तिथे जाऊन ओळखी काढाव्यात असं एकाने सुचवलं, ते कितपत खरं?

भोसरी ते ओहायो

सेमा मुख्यतः धंद्यातल्या लोकांसाठी आहे. आत जायला सहसा धंद्याचा पुरावा लागतो. नोकरी लागल्यावर कंपनी नेईल. त्याआधी ओळखी काढायच्या तर पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा प्रचंड बाजार भरतो, तिथे कुणीही जाऊ शकतं. माझ्या आताच्या साहेबांशी पहिलं बोलणं तिथेच झालं, एका गंजलेल्या बिजागरीच्या भावावरून.

अनुस्वार

गुरुवार, सगळं वाचायला जाऊ नका. ती कंपनी शेवीचं विकते की फोर्डचं ते बघा आणि एकच घ्या. फोर्ड असेल तर गिऱ्हाइकांची टोपणनावं पाठ करा: ६७ ते ७२ बम्पसाइड, ७३ ते ७९ डेंटसाइड. बाजूच्या पत्र्यावरची रेघ एकात बाहेर आलेली, दुसऱ्यात आत गेलेली, म्हणून. हौद्याची नावंही कंपनीनुसार बदलतात. शेवीत स्टेपसाइड आणि फ्लीटसाइड, फोर्डमध्ये फ्लेअरसाइड आणि स्टाइलसाइड. फोर्डवाल्यासमोर स्टेपसाइड म्हटलंत तरी तो समजून घेईल, पण मनात नोंद करेल. उच्चाराची काळजी करू नका. हळू बोला, आणि पार्ट नंबर वाचताना आकडे दोन-दोनच्या जोडीने वाचा.

कॅन्ससकर

शेवी असेल तर माझ्याकडून एक. मला नंतर विचारलेला प्रश्न आहे, तुम्हालाही विचारतील. ६० ते ७२ मधले अर्ध्या टनाचे ट्रक, शेवरोले आणि जीएमसी दिसायला जुळे भाऊ. गिऱ्हाईक म्हणतं, मागचं सस्पेन्शन पाहिजे. शेवरोलेला मागे बहुतेक कॉइल स्प्रिंग आणि ट्रेलिंग आर्म, म्हणजे ॲक्सल धरणारे लांब दांडे, जीएमसीला बहुतेक पाट्यांचे स्प्रिंग. बहुतेक म्हणतोय, कारण दोन्हींत अपवाद आहेत. तेव्हा कंपनीचं नाव ऐकून थांबू नका, "खाली वाकून बघा, गुंडाळी आहे की पाट्या?" एवढं विचारा.

बाकी कपडे साधे घाला. मी टाय लावून गेलो होतो, मॅनेजर ग्रीसच्या शर्टात होता. काय झालं ते शुक्रवारी लिहा इथे.

डावी बाजू

आणि घड्याळ डाव्या हातात.